वेल्ड रोबोटचे, बोल्ट माणसाचे: होंडा एनएसएक्सच्या ओहायोतल्या कारखान्याची केस

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते गाडी हाताने बनवलेली पाहिजे, इटलीत नाहीतर इंग्लंडमध्ये कुणीतरी म्हातारा कारागीर हातोडी घेऊन बसलाय असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं, आणि दुसरी म्हणते अहो आजच्या काळात माणसाचा हात म्हणजे चुकांचं घर, रोबोट लावा आणि मोकळे व्हा. आपल्याकडे चाकण-पिंपरीच्या शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, दोन्ही बाजू अर्धवट बोलतायत हे तो लगेच सांगेल. खरा प्रश्न 'हात की रोबोट' हा नसतोच मुळी, कुठल्या स्टेशनवर कोण, हा असतो. आणि हा प्रश्न अगदी कोऱ्या कागदावरून, एकेक काम सुटं करून सोडवलाय अशी मला सगळ्यात आवडणारी केस म्हणजे दुसऱ्या पिढीची होंडा एनएसएक्स, अमेरिकेत अॅक्युरा एनएसएक्स, आणि ती जिथे बनली तो परफॉर्मन्स मॅन्युफॅक्चरिंग सेंटर नावाचा छोटा कारखाना. पुढे त्याला पीएमसीच म्हणतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिली एनएसएक्स १९९० ची, जपानमधल्या तोचिगीत बनायची, आख्खी बॉडी अॅल्युमिनियमची, आणि अशी मोनोकॉक बॉडी (म्हणजे वेगळा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार घेते) असलेली ती पहिली प्रॉडक्शन कार. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेनाने ती डेव्हलपमेंटच्या वेळी चालवून बॉडी अजून कडक करा असं सांगितलं होतं हा किस्सा तर सगळ्यांना माहितीच आहे. ती गाडी २००५ ला बंद झाली. मग दहा वर्षांनी दुसरी आली आणि ह्यावेळी होंडाने ती जपानमध्ये न बनवता ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिलला बनवायचं ठरवलं. मेरिसव्हिल म्हणजे होंडाचं अमेरिकेतलं जुनं घर, १९८२ साली तिथून पहिली अकॉर्ड बाहेर पडली आणि अमेरिकेत बनलेली ती पहिली जपानी कार ठरली. त्या मोठ्या प्लांटच्या शेजारी एक लॉजिस्टिक्सची जुनी इमारत होती, तिच्यात सुमारे ७ कोटी डॉलर घालून पीएमसी उभा केला आणि २०१६ ला गाड्या निघायला लागल्या. माणसं साधारण शंभर, तीही बहुतेक होंडाच्याच ओहायोतल्या इतर प्लांटमधून निवडून घेतलेली. गाडीच्या डेव्हलपमेंटचा प्रमुख टेड क्लाउस आणि कारखान्याचं इंजिनिअरिंग क्लेमंट डिसुझा ह्यांच्याकडे.

आता अडचण काय होती ते नीट समजून घ्या, कारण सगळी केस त्याच्यावर उभी आहे. मोठ्या प्लांटमध्ये लाइनवरून मिनिटाला एक ह्या हिशोबात गाडी निघते. तिथे प्रत्येक स्टेशनवरच्या माणसाला जेमतेम मिनिटभर मिळतं, तेवढ्यात पार्ट उचलायचा, बसवायचा, बोल्ट घट्ट करणारी गन मारायची, पुढची गाडी आलीच. एनएसएक्स दिवसाला दहाच्या आत बनणार होत्या. एवढ्या कमी आकड्यासाठी आख्खी ऑटोमेटेड लाइन टाकायची तर खर्च कधीच वसूल होणार नाही, आणि सगळं हातावर सोडलं तर होंडाचं नाव ज्या एकसारखेपणावर टिकून आहे तोच जातो, म्हणजे सोमवारची गाडी वेगळी, शुक्रवारची वेगळी. त्यात गाडी सोपी नाही. मागे साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही-सिक्स, तीन इलेक्ट्रिक मोटर, त्यातल्या दोन पुढच्या चाकांना आणि एक इंजिन-गिअरबॉक्सच्या मध्ये, नऊ स्पीडचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, बॅटरी, आणि हे सगळं थंड ठेवायला दहा हीट एक्स्चेंजर, म्हणजे रेडिएटरसारखे उष्णता बाहेर टाकणारे भाग. एवढ्याशा गाडीत किती पाइप आणि किती वायरिंग फिरत असेल ह्याचा अंदाज करा.

सुरुवात सांगाड्यापासून. गाडीचा सांगाडा स्पेसफ्रेम, म्हणजे तुकडे जोडून केलेला पिंजरा, मुख्यतः अॅल्युमिनियमचा. आणि अॅल्युमिनियम वेल्ड करणं हा वेल्डरची परीक्षा बघणारा प्रकार आहे, हे ज्याने हातात टॉर्च धरलीय त्याला सांगायला नको. अॅल्युमिनियम वितळतं ६६० डिग्रीला, पण त्याच्यावर जी ऑक्साइडची पातळ साय असते ती वितळायला दोन हजार डिग्रीच्या वर लागतात, म्हणजे वरची साय फुटेपर्यंत खालचा धातू पाणी झालेला असू शकतो. शिवाय उष्णता पटापट पसरते, एका टोकाला वेल्ड मारला की दुसऱ्या टोकापर्यंत ताप जातो आणि थंड होताना आख्खा पार्ट ओढला जातो, वाकतो. स्टीलमध्ये लालसर रंग बघून माणसाला अंदाज येतो, अॅल्युमिनियम रंगच बदलत नाही, गेलं की एकदम भोक पडतं.

अशा फ्रेमवर एकूण ८६० मिग वेल्ड (गॅसच्या आडोशात तार वितळवून मारलेले). आता चांगला वेल्डर एक नाही, दहा नाही, पन्नास वेल्डही अप्रतिम मारेल. पण ८६० वेल्ड, त्याच वेगाने, त्याच कोनात, त्याच अंतरावरून, आणि परत उद्या तसेच आणि परवा तसेच, हे माणसाच्या खांद्याला आणि मनगटाला जमणारं काम नाही, आणि जमवायला लावणं मला तरी चुकीचंच वाटतं. पीएमसीने इथे कसलीही भावनाबाजी केली नाही. स्पेसफ्रेमचे मिग वेल्ड शंभर टक्के रोबोटकडे. त्यातही एक गोष्ट फार हुशारीची केलीय, फ्रेम जमिनीवर आडवी न ठेवता ट्रनियनवर, म्हणजे दोन टोकांना धरून फिरवणाऱ्या स्टँडवर चढवली, म्हणजे आख्खा सांगाडा स्वतःच्या अक्षाभोवती गोल फिरतो आणि रोबोटला चारी बाजूंनी पोचता येतं. ह्याचा फायदा फक्त हात पोचण्यापुरता नसतो. वितळलेला धातू खाली ओघळतो, त्यामुळे डोक्यावरचा वेल्ड आणि सपाट वेल्ड ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, जॉबच फिरवता आला की वेल्ड सोयीच्या बाजूला आणता येतो, आणि कुठला वेल्ड आधी कुठला नंतर हा क्रम एकदा नीट बसवला की एका बाजूची ओढ दुसऱ्या बाजूने भरून निघते. हा क्रम शोधायला माणसाचं डोकं लागतं, पाळायला रोबोट.

पण ह्याच स्टेशनवर रोबोट सुरू व्हायच्या आधी काय होतं ते बघा. पार्ट फिक्स्चरमध्ये, म्हणजे पार्ट जागेवर पकडून ठेवणाऱ्या साच्यात, माणूस ठेवतो. हे काम फालतू वाटतं आणि नेमकं तिथेच सगळं ठरतं. एक्स्ट्रूजनच्या (साच्यातून दाबून काढलेल्या अॅल्युमिनियमच्या दांड्याच्या) टोकाला बारीक बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, राहिलाय का, कास्टिंगचा (ओतीव पार्टचा) बसणारा फेस साफ आहे का, पार्ट लोकेटिंग पिनवर पूर्ण बसला की केसभर वर राहिलाय, हे बोटाला कळतं. पार्ट बसताना हाताला एक ठराविक 'बसला' असं जाणवतं, ते नसेल तर माणूस थांबतो, काढतो, परत ठेवतो. रोबोटला तुम्ही सेन्सर लावू शकता, पण सेन्सर तेवढंच बघणार जेवढं बघायला सांगितलंय. मोठ्या प्लांटमध्ये इतके पार्ट येतात की तिथे ह्या सगळ्यासाठी सेन्सर आणि पोकायोके (चूक होऊच नये अशी व्यवस्था) लावणं परवडतं. इथे दिवसाला मोजक्या फ्रेम, तर माणूस ठेवणं जास्त शहाणपणाचं.

फ्रेमच्या सांध्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण मला तो भाग प्रचंड आवडतो. पुढच्या-मागच्या क्रॅश झेलणाऱ्या भागात जे नोड, म्हणजे दांडे एकत्र येणारे सांधे आहेत ते अॅब्लेशन कास्टिंगने केलेत, आणि गाडीत ही पद्धत वापरायची जगातली ही पहिलीच वेळ. नेहमीच्या सँड कास्टिंगमध्ये वाळूचा साचा, धातू ओता, हळूहळू थंड होऊ द्या. इथे वाळूला धरून ठेवणारा बाइंडर पाण्यात विरघळणारा असतो. धातू ओतला की तो पूर्ण घट्ट व्हायच्या आतच साच्यावर पाण्याचे फवारे मारतात, साचा धुऊन जातो आणि पाणी थेट कास्टिंगला लागून ते झपाट्याने थंड होतं. झपाट्याने थंड झालं की आतले कण बारीक राहतात, आणि मग ते कास्टिंग धडकेत काचेसारखं तडकत नाही, चुरगळत जातं. कास्टिंग हे सहसा ठिसूळच, म्हणून क्रॅश झोनमध्ये कुणी घालत नाही, इथे घालता आलं, आणि नोड कास्टिंगचा असल्यामुळे एक्स्ट्रूजन त्यात बरोबर बसतात, वेल्ड कुठे येणार ते आधीपासून पक्कं. म्हणजे रोबोटचं निम्मं काम फाउंड्रीने सोपं करून दिलं. ऑटोमेशनबद्दल बोलताना हा मुद्दा नेहमी राहून जातो, रोबोट चांगला चालतो तो आधीचा माल चांगला आला म्हणून.

आता बोल्ट. इथे केस खरी रंगते.

सांगाडा तयार झाला, झिरकोनियमचं प्री-ट्रीटमेंट आणि ई-कोट (विजेच्या मदतीने चढवलेला गंजरोधक थर) झालं, की पुढची असेंब्ली जवळपास सगळी हाताने. आणि बोल्ट कसा लावतात, तर आधी प्रत्येक बोल्ट हाताने आट्यांवर धरायचा. बोटांनी फिरवायचा. पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखे गेले पाहिजेत. बोल्ट किंचित तिरका लागला असेल तर बोटाला लगेच अडखळल्यासारखं होतं, तिथेच उलटा फिरवायचा, काढायचा, परत धरायचा. न्यूमॅटिक गनने हेच केलं असतं तर? गनला काही कळत नाही, तिच्या अंगात एवढी ताकद असते की तिरका बोल्ट ती तसाच आत रेटते, आटे मारले जातात, आणि वाईट म्हणजे रेटताना जो रेझिस्टन्स येतो त्यामुळे ठरलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पिळ, आल्यासारखंही दिसतं. गाडी बाहेरून ओके, आतून तो जॉइंट पोकळ. स्टीलमध्ये एक वेळ चालून जाईल, पण अॅल्युमिनियमचे आटे मऊ, एकदा गेले की गेले, मग आत नव्या आट्यांचा इन्सर्ट टाका नाहीतर कास्टिंगच बदला, आणि ते कास्टिंग जर फ्रेमला वेल्ड केलेलं असेल तर विचारूच नका.

हाताने बोल्ट पूर्ण धरला की मग टॉर्क रेंच. इथे माणसाच्या अंदाजाला अजिबात जागा ठेवलेली नाही. रेंच डिजिटल, वाय-फायवाली. टेक्निशियन ओढतो, ठरलेला टॉर्क आला की रेंच सांगते, आणि तो आकडा त्या गाडीच्या नावावर सिस्टिममध्ये जाऊन बसतो. कुठला बोल्ट, किती टॉर्क, सगळं नोंदलेलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत म्हणजे क्लिक रेंच, टिक आवाज आला की पेंट मार्करने बोल्टवर एक रेघ मारायची, रेघ दिसली म्हणजे टाइट झाला असं समजायचं. पद्धत वाईट नाही, पण शिफ्टच्या शेवटी रेघ आधी मारली आणि रेंच राहून गेली असंही होतं, आणि हे शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला माहीत असतं. डिजिटल रेंच ही पळवाटच बंद करते.

मला ह्या सगळ्या केसमध्ये हा एक भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रोबोट आणि माणूस ह्यांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती म्हणजे माणसाच्या हातातलं असं अवजार जे स्वतः नोंद ठेवतं. वेल्डमध्ये ताकद, वेग, कोन सगळं मशीनचं आणि माणसाने फक्त तयारी करून दिली. बोल्टमध्ये जाणीव माणसाची, मोजमाप अवजाराचं. म्हणजे काम अर्धं-अर्धं वाटलेलं नाही, एकाच बोल्टच्या आत वाटलंय, पहिले तीन फेरे बोटांचे आणि शेवटचा ताण आकड्याचा. असं वाटप करायला प्रत्येक काम जवळून बघावं लागतं, ऑफिसमध्ये बसून 'अमुक टक्के ऑटोमेशन' असं टार्गेट ठरवून हे होत नाही.

इंजिनाचं पण तसंच. ते होंडाच्याच जवळच्या अॅना प्लांटमध्ये बनायचं, एक इंजिन एकच मास्टर बिल्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडणार, सहा तासांच्या वर वेळ, आणि ५४७ बोल्ट हाताने टॉर्क करायचे. त्यानंतर इंजिन बेंचवर चालवून दीडशे मैल फिरल्यासारखं रन-इन करूनच गाडीत जायचं, म्हणजे गिऱ्हाइकाने गाडी घेतली त्या दिवशी ट्रॅकवर नेली तरी हरकत नाही.

बॉडी पॅनलची गोष्ट थोडक्यात सांगतो. नेहमीच्या गाडीत बॉडी आधी, रंग मग, आणि त्या रंगवलेल्या बॉडीत माणसं आत-बाहेर करत असेंब्ली करतात, पट्ट्याचं बकल घासलं की ओरखडा ठरलेला. एनएसएक्समध्ये स्पेसफ्रेम सगळा भार घेते, बाहेरची पॅनल फक्त कपडे, त्यामुळे ती वेगळी रंगवून अगदी शेवटी चढवली जायची. तोपर्यंत टेक्निशियनला उघड्या सांगाड्यात सगळीकडून हात घालता येतो, तेवढे पाइप आणि तेवढं वायरिंग बसवताना ही मोकळीक म्हणजे खूप मोठी गोष्ट. वायरिंग हार्नेस, होज असल्या लिबलिबीत गोष्टी रोबोटला आजही नीट जमत नाहीत, कारण त्या प्रत्येक वेळी वेगळ्या वळतात, त्यांना ठरलेला आकारच नाही. डिझाइनवाल्यांनी आणि कारखानावाल्यांनी एकत्र बसल्याशिवाय अशी गाडी होत नाही.

आणि कारखान्याच्या बरोबर मध्यभागी क्वालिटीची खोली, काचेच्या भिंतींची. कुठल्याही स्टेशनवरून दिसेल अशी. बऱ्याच ठिकाणी क्वालिटी म्हणजे लाइनच्या शेवटी कोपऱ्यातलं केबिन, तिकडून फक्त रिजेक्शनचे कागद येतात आणि कुणाला कळत नाही नक्की काय झालं. इथे पार्ट मोजताना वेल्डिंगवाल्याला दिसतोय, त्याला उठून विचारता येतंय. शंभर माणसांच्या कारखान्यात हे जमतं, हजारोंच्या प्लांटमध्ये जमवणं अवघड, हे मान्य.

इतरांनी काय केलंय तेही बघायला हवं. अॅस्टन मार्टिनच्या इंग्लंडमधल्या गेडनच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवायला एक रोबोट होता, त्याचं नाव त्यांनी जेम्स बाँडर ठेवलं होतं, बाकी भर हातकामावर. गोंदाची धार सलग आणि एकसारखी पडली पाहिजे, मध्ये तुटली की जॉइंट कमजोर, म्हणजे तर्क वेल्डिंगसारखाच. फेरारीकडे इटलीतल्या मारानेल्लोत रोमिओ आणि ज्युलिएट नावाची रोबोटची जोडी, इंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह सीट बसवायला, त्यात सीटची रिंग लिक्विड नायट्रोजनमध्ये गार करून आकसवतात आणि ती परत फुगायच्या आत जागेवर बसवायची असते, हाताशी वेळच नसतो. दोन्ही कंपन्या हातकामाच्या नावावर गाड्या विकतात आणि दोघांनीही नेमकं जिथे हाताला जमणार नाही तिथेच रोबोट बसवला. होंडा ह्या जागेवर उलट बाजूने आली, रोबोटवाली कंपनी हाताकडे वळली, आणि साधारण त्याच ठिकाणी पोचली. हे मला योगायोग वाटत नाही, काम स्वतःच सांगतं त्याला कोण हवंय ते.

आता निकाल काय लागला. कारखाना म्हणून पीएमसी यशस्वी, असं मी ठामपणे म्हणेन. धंदा म्हणून एनएसएक्स चालली नाही, हेही तेवढंच खरं. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या गाडीचा लिलाव झाला तेव्हा अमेरिकेतले गाड्यांचे मोठे डीलर रिक हेंड्रिक ह्यांनी १२ लाख डॉलर मोजले, पैसे चॅरिटीला गेले, हवा जोरात होती. पण अमेरिकेत २०१७ साली ५८१ गाड्या गेल्या आणि २०१८ मध्ये फक्त १७०. दीड लाख डॉलरच्या वर किंमत, त्या पैशात पोर्शे ९११ टर्बोच्या गल्लीत जाता येतं, आणि वजन पावणेदोन टनांच्या आसपास. जुन्या एनएसएक्सचे चाहते हलकीफुलकी, साधी गाडी मागत होते, त्यांना तीन मोटरचा हायब्रिड मिळाला. शेवटी ३५० गाड्यांची टाइप एस काढली, ६०० हॉर्सपॉवर, त्यातल्या ३०० अमेरिकेला, त्या मात्र हातोहात बुक झाल्या, आणि २०२२ च्या शेवटी उत्पादन बंद. सगळ्या मिळून तीन हजारांच्या आतच बनल्या.

कुणी म्हणेल मग हातकामाचा एवढा खर्च वाया गेला. मला ते पटत नाही. गाडी कमी खपली त्यात फिटिंगची तक्रार हे कारण कधीच नव्हतं, किंमत आणि गाडीचं स्वरूप हे होतं. उलट एवढी मोठी ऑटोमेटेड लाइन टाकली असती तर मागणी कोसळल्यावर ती धूळ खात पडली असती. माणसांना आणि थोड्या रोबोटना दुसरं काम देता येतं, ठरलेल्या एकाच बॉडीसाठी बांधलेल्या लाइनला देता येत नाही. आणि दिलंही. एनएसएक्स चालू असतानाच पीएमसीत अॅक्युराच्याच टीएलएक्स, एमडीएक्स, आरडीएक्स ह्या गाड्यांच्या पीएमसी एडिशन बनल्या, एनएसएक्सचेच रंग वापरून, मोजक्या संख्येत. आणि २०२४ पासून तिथे सीआर-व्ही ई:एफसीईव्ही बनायला लागली, हायड्रोजन फ्युएल सेलची आणि वर प्लग लावून चार्जही होणारी. आकडा परत लहान, गाडी परत गुंतागुंतीची, आणि हायड्रोजनच्या गाडीत जॉइंट नीट बसला की नाही ह्याला स्पोर्ट्स कारपेक्षाही जास्त किंमत आहे.